तारेमागची वाट

लालबाग, बुऱ्हाणपूर
रविवार, दुपार

प्रिय अशू,

कुर्त्याचं कापड बघून तुला वाटलं असेल, हिला काय झालं, वाढदिवस तर कधीचा होऊन गेला. कापड तुझंच आहे, ठेव. पण घडीत पत्र आहे हे गौरवला माहीत नाही. त्याला मी एवढंच सांगितलंय की बहिणीला इंदूरला कापड नेऊन दे. वाचून झाल्यावरही त्याला सांगू नकोस. तुझा भाऊ चांगला आहे, पण त्याच्या पोटात कुठलीच गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि सध्या मला सगळ्यांचीच भीती वाटते. फोन मी बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलाय. हसू नकोस, खरंच पिठाच्या डब्यात. तू मेसेज केले असशील, रिप्लाय नाही म्हणून चिडली असशील. सॉरी यार. फोन चालू केला की अनोळखी नंबर येतात. उचलला तर कोणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. एकदा एक जण बोलला, फक्त एवढंच की आवाज अच्छा है आपका. त्यावर मी फोन बंदच केला.

हातानं मराठी लिहायची सवयच नाहीये. आपल्या शाळेत मराठी बोललं तर फाइन होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तू समजून घे. खोलीचं दार आतून लावलंय. खाली मोटरसायकल थांबली की माझं पेन थांबतं. आत्ताही एक थांबली होती. खिडकीच्या फटीतून बघितलं, गॅसवाला होता. सिलेंडर ठेवून गेला तरी मी तशीच उभी.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुला तुकडे तुकडे माहीत आहेत आणि शेवटी मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय.

लॉकडाऊनमध्ये मला ती इंग्लंडची जुनी गाणी सापडली होती ना, तेव्हा मी तुला किती पिडलं होतं. तू कॉलनीच्या गच्चीवर गिटार घेऊन बसायचीस आणि मी लेक्चर द्यायचे. आपल्याला इंग्लंड म्हणजे राणी आणि क्रिकेट. आणि ही गाणी म्हणणारे लोक तर राणीचे कोणी लागतच नव्हते. त्यांच्या गावाबाहेर मोकळी जमीन असायची, सगळ्या गावाची. गाय चारा, सरपण आणा, बदकं सोडा. मग वर कुठेतरी कायदा झाला, झाडांचं कुंपण आलं, आणि कागदावर ती जमीन एका साहेबाची झाली. काल जो गाय चारत होता तो आज चोर. त्या एका गाण्यातला माणूस तुला आठवतो का, साहेबाच्या रानात ससा पकडतो आणि त्याला जहाजात बसवून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवून देतात? आणि चाल अशी की बाळाला झोपवावं. मला वेड लागलं होतं त्याचं. मी तुला म्हणायचे, बघ, कोणी भाषण केलं असतं तर आत टाकलं असतं, पण गाणं म्हटलं तर अख्खा दारूचा अड्डा कोरस धरतो, कोणाकोणाला पकडणार. तू म्हणायचीस, मॅडम, आधी आपल्या नेपानगरच्या पेपर मिलच्या भोंग्यावर एक गाणं करा, मग इंग्लंडला जा.

आणि प्रत्येक व्हिडिओखाली, कवी-संगीतकाराच्या जागी, तोच एक शब्द. पारंपरिक. तू म्हणायचीस, ये पारंपरिक भैया ने तो सबसे ज्यादा हिट दिए हैं यार. मी हसायचे, पण मला मनातून राग यायचा. एवढं भारी गाणं ज्यानं केलं त्याचं नाव लोक विसरले कसे? दोनशे-तीनशे वर्षं गात बसले आणि एकालाही आठवत नाही? मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या गाण्याखाली माझं नाव असेल. मोठ्या अक्षरात.

मग बुऱ्हाणपूरला कोचिंगमध्ये इंग्लिश शिकवायची नोकरी लागली, ही खोली घेतली, आणि शनिवार-रविवार जसोंडीला सिंधूमावशीकडे जायला लागले. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तू भेटली आहेस, आपल्या कॉलनीत एकदा पापड घेऊन आली होती आणि तुझ्या गिटारला तिनं मोठी सारंगी म्हटलं होतं. गावात मला कोणी नावानं हाक मारत नाही, नेपावाली म्हणतात, नेपानगरची म्हणून. मावशीकडे चार बकऱ्या आणि एक गाय. गावाच्या खालच्या अंगाला गायरान आहे, पटवारी त्याला चरनोई म्हणतो. तिथे सगळ्यांची ढोरं जातात. म्हणजे जायची. त्यातूनच नाल्यावर जायची पायवाट आहे. उन्हाळ्यात एक दिवस आम्ही बकऱ्या घेऊन निघालो तर पायवाटेवर सिमेंटचे खांब आणि तार. आत जेसीबी. अरविंदशेठची केळी त्या बाजूला आहेतच, आता ड्रिपच्या नळ्या पार नाल्यापर्यंत टाकणार होते. खांब गाडणारा माणूस म्हणाला, कागज है शेठ के पास. मावशी म्हणाली, कागज असंल बाबा, पण बकरीला वाचता येत नाही ना. आणि तिनं बकऱ्या वळवल्या. एवढंच. भांडली नाही, रडली नाही. तेव्हापासून डांबरी रस्त्यानं वळसा घालून जाते. एक बकरी ट्रकखाली आली, त्यानंतर मावशीनं दोन विकून टाकल्या.

आणि अशू, खरं सांगते, मला तिथे उभं राहून वाईट वाटायच्या आधी अंगावर काटा आला होता. आनंदानं आल्यासारखा. की अरे, हे तर माझंच गाणं आहे. इंग्लंडचं ते कुंपण इथे जसोंडीत उभं आहे, तार सुद्धा नवी कोरी. आता ते आठवलं की स्वतःचा थोडा राग येतो, पण आला होता काटा. त्याच आठवड्यात मी गाणं केलं. चाल बकऱ्यांच्या चालण्याच्या ठेक्यावर, शब्द मावशीच्या बोलण्यातले:

गाय विचारे, वाट माझी कुठं गेली?
राजाच्या तारेमागं लपून बसली.
बकरी विचारे, गवत माझं कुठं गेलं?
राजाच्या कागदात दुमडून ठेवलं.

पुढची कडवी तुला पाठ आहेत. जुलैत तू घरी आलीस तेव्हा आपण गच्चीवर रेकॉर्ड केलं, पाणी यायच्या आत, तुझी आई खालून ओरडत होती की वाळवण उचला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग आहे ते. सुरुवातीला मी कॅमेऱ्यात बघून माझं नाव सांगते, गावाचं नाव सांगते, आणि म्हणते की हे गाणं मी लिहिलंय. आपल्या चॅनलवर टाकलं. बघणारे कोण, तर माझे बाबा, तुझी आई आणि तो कोणीतरी जो प्रत्येक व्हिडिओवर अंगठा टाकतो. मी बाहेरच्या युनिव्हर्सिटीला सॅम्पल म्हणून तेच पाठवणार होते, आठवतं ना.

मग गुलाबाई आली. आपल्या कॉलनीत गुलाबाई कधी बसलीच नाही, अर्धे लोक बिहारचे, अर्धे केरळचे. इथे भादव्याच्या पुनवेला मातीची गुलाबाई बसवतात ती थेट कोजागरीपर्यंत. रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, घरातली बाई झाकून खाऊ आणते, पोरींनी डबा हलवून ओळखायचं की आत काय आहे. मावशीच्या अंगणात पोरी जमतात, पुढे मावशीच. एक दिवस तिनं मला म्हटलं, नेपावाली, तुझं ते गायवालं गाणं शिकव की पोरीले. मी तर हवेत गेले. अख्खी संध्याकाळ शिकवलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर माझ्या चालीचं काहीच राहिलं नव्हतं. टिपऱ्यांना ती बसत नव्हती म्हणून पोरींनी ओढून-ताणून आपल्या ठेक्यात घातली होती. मी म्हटलं, असं नाहीये ते. एक छोटी पोरगी म्हणाली, ताई, तुमचं असं नसंल, आमचं असंच आहे. मला राग आला होता. आणि त्यांचं जास्त चांगलं होतं, त्याचाही राग आला होता.

आता ऐक, गडबड कुठे झाली. गुलाबाईच्या गाण्यात राजा कायम असतोच, आणि इथल्या बायकांची पद्धत अशी की ज्या घरी गाणं चाललंय त्या घरच्या माणसाचं नाव राजाच्या जागी घालायचं. मान असतो तो. नाव नाही घेतलं तर घरची बाई रुसते, खाऊ देत नाही. मला हे माहीत होतं. बाकीच्या गाण्यांत मी स्वतः ऐकलं होतं. पण माझ्या गाण्यातही राजा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मावशीच्याही नाही, पोरींच्याही नाही. सवयच ती.

पहिल्या दिवशी किराणावाल्या दत्तूभाऊंच्या दारात म्हटलं, तर पोरींनी सरळ घातलं, दत्तूभाऊच्या तारेमागं लपून बसली. दत्तूभाऊंकडे तार म्हणजे कपडे वाळत घालायची, तिच्यावर त्यांचं बनियन लटकलेलं. अख्खी गल्ली हसली. दत्तूभाऊ स्वतः म्हणाले, माय, त्या तारेमागं माझी बायको सुद्धा लपत नाही, गाय कुठून लपंल. चिवडा दिला. मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी, ज्याचं घर त्याचं नाव. ज्याच्याकडे कुंपण नाही, जमीन नाही, त्याच्याही तारेमागं गाय लपून बसली. लोक हसून पाणी प्यायचे. मी पण टाळ्या वाजवत होते.

आणि मग अरविंदशेठचं घर आलं.

ते टाळताच येत नाही, अशू. गावात सगळ्यात मोठा खाऊ तिथेच मिळतो. पोरी उड्या मारत गेल्या. सुमनकाकू, म्हणजे शेठची बायको, तिनं स्वतः पाट मांडला, गुलाबाईला कुंकू लावलं. तिच्या हातात झाकलेला डबा होता. शेठ झोपाळ्यावर होते. त्यांचा पुतण्या रितेश मोबाइल धरून शूटिंग करत होता, त्याचं एक पेज आहे, आपल्या निमाड-खानदेशची संस्कृती वगैरे टाकतो. पोरींनी सुरू केलं. गाय विचारे, वाट माझी कुठं गेली? आणि पोरी नेहमीसारख्या एका सुरात, अरविंदशेठच्या तारेमागं लपून बसली.

त्या ओळीनंतर टिपऱ्या वाजतात. वाजल्या. पण त्यामागे जे हसू यायचं ते आलं नाही. मी अंगणाच्या कडेला होते, मला मावशीची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली. तिला तेव्हा समजलं. मला पण तेव्हाच. पण गाणं सुरू झालं की मध्ये तोडत नाहीत, अपशकुन असतो, म्हणून पोरी म्हणत गेल्या, बकरी, गवत, कागद, नाला, प्रत्येक कडव्यात त्यांचं नाव, गोड आवाजात, मानानं. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती ती थांबली. शेठची म्हातारी आई आत होती, तिला ऐकू कमी येतं, ती एकटीच आतून म्हणाली, वा वा पोरींनो. सुमनकाकूनं डबा दिला. ओळखायलाच लावलं नाही, सरळ झाकण काढून दिला. पेढे होते.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, छान म्हणता. कोणी शिकवलं? आणि एकही पोरगी बोलली नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरी, अशू. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, मावशीनंही नाही. तरी सगळ्यांनी खाली बघितलं.

रितेशनं व्हिडिओ आधीच टाकला होता. त्याचं लक्षच नव्हतं शब्दांकडे, त्यानं वर लिहिलं होतं, हमारे गाँव की बेटियाँ. शेठनं काढायला लावेपर्यंत तो इथून तिथे गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या कोचिंगमधली पोरं वर्गात बाकं वाजवत तेच म्हणत होती, त्यांच्या मॅडमनं केलंय हे माहीत नसताना. तिसऱ्या दिवशी नेपानगरहून बाबांचा फोन आला. बाबांना माहीत होतं, त्यांनी तर चॅनलवर लाइक केलंय.  ते एवढंच म्हणाले, घरी ये. मी म्हटलं, बाबा, मी काही चुकीचं केलंय का? ते म्हणाले, मी तसं म्हटलंय का, मी म्हणतोय घरी ये. त्यांचा आवाज इतका छोटा मी कधी ऐकला नव्हता.

मंगळवारी जसोंडीत पोलिसांची जीप आली. शेठनं अर्ज दिला होता की बाहेरून कोणीतरी येऊन गावातल्या पोरींना भडकवतंय, बदनामी करतंय. मी सुट्टी टाकून मावशीकडेच होते, कारण खोलीवर एकटीला राहवत नव्हतं. साहेब मावशीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. वाईट माणूस नव्हता तो. थकलेला होता, चप्पल काढून पाय चोळत होता. त्यानं विचारलं, ये गाना किसने बनाया?

मी दाराच्या आत होते. मला वाटलं, आता. हेच ते. ज्या गाण्यांवर मी लेक्चर देत फिरायचे त्यातलं कोणीतरी असंच दाराच्या आत उभं असेल. मी पाय पुढे टाकला सुद्धा. मी म्हणणार होते. शपथ. आणि मावशीनं मागे न बघता हात मागे केला आणि म्हणाली, नेपावाली, उभी काय राहतीस, साहेबासाठी पाणी आण. मी आत गेले. माठातून पाणी काढताना तांब्या माठावर इतका वाजत होता की मला वाटलं, त्या आवाजावरूनच ते मला पकडतील.

पाणी घेऊन आले तेव्हा मावशी सांगत होती, साहेब, कोणी बनवलं नाही, ते हायेच. माझी माय म्हणायची. मागून एक बाई म्हणाली, माझी सासू पण म्हणायची, दळता दळता. तिसरी म्हणाली, आमच्या माहेरी तर यातली दोन कडवी जास्त आहेत. आणि शारदाआजी, नव्वदीची असेल, भिंतीला टेकून बसलेली, तिनं दात नसलेल्या तोंडानं सांगितलं की तिच्या हळदीत हे गाणं म्हटलं होतं, आणि तेव्हा राजाच्या जागी तिच्या सासऱ्याचं नाव होतं, तो लई कडक होता. साहेब हसले. म्हणाले, तो हर घर में नाम बदलता है? दत्तूभाऊ दुकान सोडून आले होते, ते म्हणाले, साहब, मेरा भी नाम था, मेरे पास तो चड्डी सुखाने की तार है, मैं भी रिपोर्ट लिखाऊँ क्या? सगळे हसले. मी हातात रिकामा तांब्या घेऊन उभी. मे महिन्यात केलेलं गाणं माझ्या डोळ्यांसमोर ऐंशी वर्षांचं झालं.

साहेबांनी लिहून घेतलं, पारंपरिक लोकगीत. मावशीनं खाली सही केली, की हे तिनं तिच्या आईकडून ऐकलंय. जाताना साहेब तिला म्हणाले, पुराना गाना है तो कोई क्या करेगा, बात खतम. पर माँजी, वो बोल रहे हैं कि कोई पढ़ी-लिखी लड़की है, मोबाइल-वोबाइल सब चेक होगा. अगर झूठ निकला तो फिर आप पर आएगा. हे तो माझ्याकडे बघून नाही म्हणाला. कदाचित म्हणूनच मला वाटतं की माझ्यासाठीच म्हणाला.

जीप गेल्यावर मी मावशीला म्हटलं, खोटं का सांगितलं, गाणं माझं आहे. माझा आवाज कसा होता माहीत नाही, भीती होती की राग, का आपली वस्तू कोणी उचलून नेल्यासारखं. सगळंच असेल. तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला. म्हणाली, तुझं म्हटलं तर तुझ्या एकटीच्या दारात जीप येईल, आणि मग गोष्ट तुझी होईल, गायरान राहील बाजूला. आमचं सगळ्यांचं म्हटलं तर जीपला जागा पुरायची नाही. असं म्हणून ती गवत टाकायला गेली.  गवत गव्हाणीत कमी आणि बाहेर जास्त पडत होतं. तिला भीती वाटत नाही असं मला वाटत होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त वाटते. तिला तर उद्याही त्याच रस्त्यानं जायचंय.

परवा मी खोलीवर परत आले. घरमालकीणबाई म्हणाल्या, दोन जण आले होते, विचारत होते ती गाणी-बिणी म्हणणारी मुलगी इथेच राहते का. त्यांनी सांगितलं, नाही, इथे इंग्लिशची टीचर राहते. मग मला हळूच विचारलं, बेटा, तू गाणी म्हणतेस का गं? मी म्हटलं, नाही काकू. पहिल्यांदा म्हटलं मी असं आयुष्यात. जिन्यात बसून रडले. आणि तिथे बसल्या बसल्या मला तो शब्द समजला, ज्यावर आपण हसायचो. लोक विसरले नव्हते, अशू. कोणीच विसरलं नव्हतं. त्यांच्याही ओट्यावर कोणीतरी खुर्ची टाकून बसलं असेल आणि विचारलं असेल, कोणी केलं. आणि तिथल्या कोणीतरी मावशीनं हात मागे करून एका मुलीला पाण्याला पाठवलं असेल. दोनशे वर्षं त्यांनी ते नाव सांभाळलं, न सांगून. मी किती शहाणपणानं म्हणायचे, बिचारे, नाव राहिलं नाही. ती मुलगी घाबरलेली होती म्हणून राहिलं नाही. माझ्यासारखी.

बुधवारी कोजागरी. गुलाबाईचं विसर्जन नाल्यावर असतं आणि नाल्याची वाट तारेमागे आहे. शेठनं निरोप पाठवलाय, त्या संध्याकाळी फाटक उघडं ठेवतो, परंपरा आहे, पण ते गाणं नको. पोरींनी मावशीला सांगितलं, आम्ही म्हणणार. मावशी रागावली, मग त्यांनी आपसात काहीतरी ठरवलं. परवा मी निघताना एका पोरीनं मला अंगणात करून दाखवलं. नावाच्या जागी त्या काहीच म्हणणार नाहीत. तोंड बंद, फक्त टिपऱ्या. गाय विचारे, वाट माझी कुठं गेली? टक् टक् टक् टक्, तारेमागं लपून बसली. अशू, माझ्या अंगावर परत काटा आला, पण या वेळी आनंदाचा नाही. रिकामी जागा नावापेक्षा मोठ्यानं ऐकू येते. मी तिला म्हणायला पाहिजे होतं की नको म्हणू बाई. माझ्या तोंडून निघालं नाही. बुधवारी काय होईल मला माहीत नाही. मी जाणार आहे, पोरींच्या मागे, बाकीच्या बायकांत. नेपावाली म्हणून.

आता काम. ते चॅनल तुझ्या मेलवर आहे, पासवर्ड तुझ्याकडेच आहे. तुझ्या गाण्यांना हात लावू नकोस. फक्त जुलैचं ते एक काढून टाक, आपलं गच्चीवरचं. कायमचं. लॅपटॉपमधूनही, पेनड्राइव्हमधूनही, माझ्यासाठी एखादी कॉपी ठेवशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव, ती पण ठेवू नकोस. मी माझ्या फोनवरून काढलं असतं, पण आता तो चालू करायची हिंमत नाही, आणि तुला मेसेज केला तर तो राहतो. कोणाला ते सापडलं, त्यात मी माझं नाव सांगते आणि मावशीची सही खोटी पडते, आणि तिच्यामागे त्या सगळ्या बायका, शारदाआजी सुद्धा. युनिव्हर्सिटीला मी दुसरं काहीतरी पाठवेन, किंवा नाही पाठवणार. बुधवारच्या आत कर, प्लीज. आणि कोणी विचारलंच, हे गाणं तू कुठे ऐकलं, तर तुझी भुसावळची आजी होती ना, जी दळताना गुणगुणायची, तिच्याकडून ऐकलं म्हणून सांग. एखादं कडवं जास्तीचं आठवलं तर तेही सांग. हे पत्र गॅसवर जाळ, फाडू नकोस. मी नाव लिहीत नाही. आपल्याला ज्याच्या नावावर हसू यायचं ना, आज तेच खाली लिहिते.

तुझीच,
पारंपरिक